कटकट न करणारं घड्याळ

ठाणे, शुक्रवार

प्रिय राजरत्न,

घड्याळ निवडायचं काम तू माझ्या गळ्यात मारलंस आणि वर म्हणालास, पाण्यातलं तुला जास्त कळतं. बरं. मी दुकानात जाऊन आलो, तेही दोनदा. लुर्दस म्हणाली, माझ्यासाठी अंगठी घेताना एवढा विचार केला नव्हतास. बायकोचा टोमणा पोचला, तो गुपचूप गिळला. आधी घड्याळाचंच सांगतो, म्हणजे तू पुढचं निदान वाचशील तरी. तुला मी ओळखतो, कामाचं नसलं की तू अर्ध्यात सोडतोस.

दोन घड्याळं बाजूला काढून ठेवली होती. पहिलं मोठं, ऐटबाज, त्यात नकाशा आणि गाणी. चार्जिंगही भरपूर टिकतं. पण सगळा कारभार काचेवर बोट फिरवून, आणि ओल्या बोटाला ती काच भीक घालत नाही. मी मुद्दाम दुकानातल्या बाटलीतलं पाणी बोटाला लावून पाहिलं. रविवारच्या स्पर्धेत समुद्रातून बाहेर येऊन सायकलकडे पळताना एका दाबात पोहणं संपून सायकल सुरू व्हायला हवी, तिथे काच पुसत बसायला कोणाला वेळ आहे? दुसरं लहान, हलकं, कडेला पाच बटणं, न बघताही बोटाला सापडणारी. पाण्यात हात बुडाला की उपग्रहाशी संबंध तुटतो, म्हणून आपल्या जुन्या घड्याळात तू सरळ पोहलास तरी नकाशावर रेघ झिंगलेली येते. हे नवं त्या बाबतीत बरंच शहाणं आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या मधूनही ते वाट चुकत नाही म्हणे. तुझ्यासाठी हे लहानच योग्य, यात मला शंका नाही.

पण तुझी खरी अट वेगळी होती. तू पाठवलेला तो आवाजी मेसेज मी पुन्हा पुन्हा ऐकलाय. "भावा, बाकी सगळं तू बघ रे. मला एकच पाहिजे, ते हार्टवालं अलार्म बंद करता आलं पाहिजे. उगाच कटकट नको." मी दुकानातल्या रसिका नावाच्या मुलीला तेवढंच विचारलं. ती म्हणाली, सगळ्यांतच बंद करता येतं सर, पण लोक ते चालू कसं करायचं हे विचारायला येतात. बंद कशाला करायचंय? मी म्हटलं, मित्राला आवाजाचा त्रास होतो. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उगाचच भिंतीवर टांगलेले घड्याळांचे पट्टे बघत बसलो.

आवाजाचा त्रास आणि तुला! चाळिशी उलटल्यावर तू आमच्या तलावावर पोहायला शिकायला आलास, तेव्हा तुझ्या ओरडण्याने सगळा तलाव दणाणून जायचा. मी खाडीकाठचा, बापाच्या होडीत वाढलेला, मला कळेना की माणूस पाण्याला एवढा भितो कसा. तू काठाची पट्टी सोडायचा नाहीस. मग एके दिवशी मी पाठीखाली हात धरला, हळूच काढून घेतला, आणि तू तरंगत राहिलास. तुला वाटत होतं हात अजून आहे. कळल्यावर तू मला दिलेल्या शिव्या लुर्दसला मी आजवर सांगितलेल्या नाहीत. त्याच्या बदल्यात तू मला सायकलवर बसवलंस आणि माझं पोट कमी केलंस. पुढे आपण जोडीने स्पर्धेत उतरलो. मी पोहायचो, पळत येऊन घड्याळ मनगटावरून सोडून तुझ्या हाताला बांधायचो, उरलेली सायकल आणि धावणं तुझं. एकच घड्याळ, आणि ते माझ्या नावावर, माझ्या वयावर, माझ्या फोनला जोडलेलं. सरावालाही आपण तेच केलं. काही दिवस ते माझ्याकडे ठाण्याला, काही दिवस तुझ्याकडे विठ्ठलवाडीला. लोक हसायचे. एक टूथब्रश पण घ्या दोघांत, म्हणायचे.

पावसाळ्यानंतर माझ्या फोनवर ते इशारे दिसायला लागले. घड्याळ परत माझ्याकडे आलं की आधीचं सगळं फोनमध्ये उतरतं, त्यात हे असायचे. माणूस हलत नसताना ठोके एकदम वर गेले, वेडेवाकडे झाले, असं काहीतरी. लुर्दसने ते पाहिलं आणि आमच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. माझं मीठ बंद, सॉसेज बंद, रविवारी चर्चमध्ये माझ्या नावाने मेणबत्ती. शेवटी मला डॉक्टर क्षिप्रांकडे नेलं. फिरत्या पट्ट्यावर पळवलं, छातीवर जेली लावून पाहिलं, तारा चिकटवून एक यंत्र गळ्यात अडकवून घरी पाठवलं. तुला मी हे सगळं रडगाणं सांगत होतो तेव्हा तू पोट धरून हसलास. घड्याळ म्हातारं झालंय, म्हणालास, फेकून दे. आणि दुसऱ्याच दिवशी, आता मला माझं स्वतःचं हवं, असं ठरवलंस.

माझे सगळे रिपोर्ट उत्तम आले, राजा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे हृदय अजून बरीच वर्षं चालेल, तुमच्या बायकोला सॉसेज करायला सांगा. मी खुशीत उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, हे घड्याळ आणखी कोणी वापरतं का? मी परत येऊन खुर्चीत बसलो. घरी जाऊन मी प्रत्येक इशाऱ्याचा दिवस पाहिला. त्यातला एकही दिवस घड्याळ ठाण्यात नव्हतं.

तेव्हापासून मला जुन्या गोष्टी वेगळ्याच दिसायला लागल्यात. येऊरच्या चढावर तुझ्या सायकलची चेन पडते. नेहमी त्याच वळणावर पडते, आणि बसवून झाल्यावर तुझ्या बोटांना काळं लागलेलं नसतं. गेल्या महिन्यात शीळफाट्याला चहाला थांबलो तेव्हा तू कठडा धरून उभा राहिलास, चहा तसाच निवला, आणि गॅस झालाय म्हणालास. घाम मात्र कपाळावरून टपकत होता, हवा थंड असताना. तुझ्या बाबांचं तूच मला सांगितलंस, त्याच ठिकाणी, दुसऱ्या एका सकाळी. वर्कशॉपमधून आले, ॲसिडिटी झालीय म्हणून खुर्चीत टेकले, आणि आईने सोडा आणेपर्यंत मान कलली होती. आज तू त्यांच्याच वयाचा आहेस. हे तू मोजलं नसशील यावर माझा विश्वास नाही.

आणि तो किनारा आठव. मागच्या स्पर्धेतला तो माणूस, लाल टोपीवाला. होडीतून आणून वाळूवर ठेवला तेव्हा आपण दोघंही जवळच होतो. डॉक्टर छाती दाबत होते, त्याची बायको टॉवेल हातात धरून उभी होती, आणि त्याच्या मनगटावरचं घड्याळ चालूच होतं, पोहण्याची वेळ मोजत. सगळं संपल्यावरही ते मोजत राहिलं. कोणाला सुचेना. शेवटी मी वाकून बटण दाबलं. गाडीत बसल्यावर तू म्हणालास, त्याला आधी काही कळलं नसेल का रे? मी म्हटलं, नसेल. आता मला वाटतं, तू तेव्हा त्याच्याबद्दल विचारत नव्हतास. मला भीती वाटतेय, राजरत्न. आयुष्यात पाण्याची कधी वाटली नाही, ती या रविवारची वाटतेय. तू पहिल्यांदाच एकटा, तिन्ही प्रकार एकट्याने करणार, आणि सुरुवात समुद्रातून. तिथे तुझ्या पाठीखाली हात धरायला मी नसेन.

कल्पिता वहिनीने या पत्राबरोबर तुला जो खोका दिला, त्यात नवं घड्याळ असेल असं तुला वाटलं असणार. नाहीये. त्यात आपलं जुनंच आहे, पूर्ण चार्ज केलेलं. नवं, ते लहान, पाच बटणांचं, मी घेतलंय, पण ते माझ्या गाडीत आहे. हे पत्र लिहिलं कारण समोर आलो की तू मला हसवतोस आणि मी हसतो. आता एवढंच कर. जुनं हाताला बांध आणि खुर्चीत शांत बस. ते काही वाजो न वाजो, मग उठ, चप्पल घाल, आणि कल्पिताला सांग की ह्युबर्टबरोबर कल्याणला डॉक्टरांकडे जातोय. क्षिप्राबाई आज तिथल्या दवाखान्यात बसतात, त्या आपल्यासाठी थांबल्यात. कल्पिताला मी यातलं एक अक्षर बोललेलो नाही, ते तुझं तू सांगायचंस. पण चहा होऊन निवेल एवढ्या वेळात तू खाली दिसला नाहीस, तर मी वर येईन आणि तुझ्यासमोर तिला सगळं सांगेन. मग मला जन्मभर शिव्या दे. जन्मभर दे, मला तेच हवंय. खिडकीतून बघ, मी गेटजवळ आहे, गाडी चालू ठेवलीय.

तुझाच, हात न काढलेला,
ह्युबर्ट