थेल्माचा रस्ता

डोरीन,

घर गार लागेल, कोट काढू नकोस. नळ बारीक सुरू ठेवलेत ते बंद करू नकोस, पाइप गोठतील.

घर तापवायच्या तेलाचा ट्रक आज येणार होता. पण बर्फ कमरेएवढा, आणि बर्फ हटवायच्या ट्रॅक्टरमध्ये डिझेलचा थेंब नाही. म्हणून तळघरातल्या टाकीच्या तळाशी होतं तेवढं तेल ट्रॅक्टरला पाजलं. त्याला काही फरक कळला नाही, मजेत चालला.

आपल्याकडे एकट्या बाईच्या घरापर्यंतचा रस्ता आधी साफ करतात, म्हणून पहिल्यांदा शेजारी थेल्माकडे गेलो. तिचा रस्ता केवढा लांब आहे, हे विसरलो. ट्रॅक्टर आपल्या फाटकात येऊन तेल संपून बंद पडला. मग तेलवाला आला, त्याला एकच रस्ता मोकळा दिसला. थेल्माची टाकी भरून गेला. आता सोमवारी येईल.

ऑक्टोबरातच तेल भरून घे असं तू म्हणाली होतीस, मला आठवतंय. थेल्मालाही तू सांगितलेलं दिसतंय, तिने ते मला दोनदा ऐकवलं.

रात्री तिच्याकडेच झोपायला ये. तिने दोन अंथरुणं घातली आहेत, एक तुझं आणि एक आपल्या इथल्या मांजराचं.

एव्हरेट