गुलाबी चोच

१४ सप्टेंबर

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघ्याने असहकार पुकारलाय, तेव्हा मनातल्या मनात घातला असं समज. तुझी तब्येत कशी आहे? जेवणाआधीची गोळी जेवणाआधीच घेतेस ना, की जेवण झाल्यावर आठवते?

दर रविवारी फोनवर तासभर बोलतो, मग हे पत्राचं खूळ कुठून काढलं, असं म्हणशील. फोनवर तू पहिल्या पाच मिनिटांत विचारतेस, "विमानं सुरू झाली का गं?" मी म्हणते, "अजून नाही." मग आपण तू माझ्यासाठी वर बांधून घेतलेल्या खोलीबद्दल बोलतो. कपाट कुठल्या भिंतीला, पलंग कुठे. त्यात बाकीचं राहून जातं. म्हणून लिहायला बसले. आधी बाकीचंच सांगते.

हे गेल्यावर मी शहरातलं घर आवरलं आणि समुद्रापलीकडे तुझ्याकडे कायमची येण्याआधी सहा महिने मोकळी हवा खावी म्हणून हे खेड्यातलं घर भाड्याने घेतलं, ते तुला माहीतच आहे. साथ आली आणि सगळं जिथल्या तिथे थांबलं. त्या सहा महिन्यांची आता दोन वर्षं होत आली. इथे वार कळत नाहीत. रविवार तेवढा कळतो, तोही आपल्या फोनमुळे.

सकाळी धुकं इतकं दाट असतं की कुंपण दिसत नाही. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसते. आधी फाटक दिसायला लागतं, मग मुळ्याचा वाफा, मग वाटाण्याच्या काठ्या, आणि सगळ्यात शेवटी तळं. हे रोज होतं आणि मी रोज बघते. कधीकधी चहा तसाच राहतो. तळ्याकाठी एक जुनं दार आडवं टाकलंय, दुपारी त्यावर उताणी पडून ढगांची चित्रं काढते. हसू नकोस. एक ढग रंगवून होईपर्यंत तो निघून गेलेला असतो, त्यामुळे चित्र चुकलं असं कुणी म्हणू शकत नाही. परवा तशीच झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन पायांवरून निघून गेलं होतं आणि क्षणभर मला माझं वयच आठवेना. फार छान वाटलं.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात, चाळीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलेले. मी त्यांना इंजिनवाले म्हणते. साथीच्या नियमांमुळे वर्षभर आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंनीच बोललो, आणि इंजिनावर आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. आमच्या गप्पा तळ्यापलीकडे ऐकू जात असतील.

त्यांची एक हंसीण आहे. स्वभावाने खाष्ट, अगदी आपल्या आत्याबाई. गेल्या हिवाळ्यात लोखंडी फाटकात सापडून तिची वरची चोच अर्धी तुटली. खाता येईना. दवाखाने माणसांनाच पुरत नव्हते, जनावरांच्या डॉक्टरांकडे दोन महिन्यांची रांग. इंजिनवाले कुंपणाशी आले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही कवळ्या करायचात ना?"

तीस वर्षं दुसऱ्यांचे दात घडवले ताई, पण चोच कधी केली नव्हती. माझं जुनं सामान खोक्यात होतं. माप घेतलं (माझ्या मनगटावरचा वण अजून आहे), प्लास्टरचा साचा काढला, त्यावर मेणाची चोच घडवली, मग कवळीचा मसाला भरला. मसाला होता तो फक्त हिरडीचा, गुलाबी. बसली मात्र चपखल! मी कडेपर्यंत, कुठे फट राहणार नाही अशी केली होती, जशी कवळी करतात. हंसीण दोन पावलं चालली, थांबली, आणि चोच वासून धापा टाकायला लागली.

इंजिनवाले वाकून बघत म्हणाले, "बाई, हिचं नाक कुठे गेलं?"

हंसाच्या नाकपुड्या चोचीवरच असतात. माणसाच्या कवळीला नाक नसतं, त्यामुळे मला ते सुचलंच नव्हतं. घाईघाईने काढली, कड मागे घेतली, पुन्हा बसवली. दुसऱ्या दिवशी ती गवत खुडायला लागली. हिरव्या गवतात ती गुलाबी चोच इतकी विचित्र दिसते, आणि ती अशा तोऱ्यात मिरवते की मला हसू आवरत नाही. यांच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा एवढी हसले. इंजिनवाले पलीकडे रडत होते, तेही हसून.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. तू पाणी पिऊन ये.

ताई, विमानं जूनमध्येच सुरू झाली.

विमान कंपनीचं पत्र आलं होतं, तुमचं तिकीट कुठल्या तारखेला बदलून देऊ म्हणून. मी ते तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि तळ्यावर जाऊन पडले. त्या रविवारी तू विचारलंस आणि तोंडातून "अजून नाही" निघून गेलं. वाटलं, पुढच्या रविवारी सांगू. तू रक्तदाबामुळे बातम्या बघणं सोडलं आहेस, त्याचा मी फायदा घेतला. त्यानंतर तू नुसतं "तुझा आवाज असा का येतोय?" म्हणालीस तरी मी घाईघाईने कपाटाचा विषय काढायचे. चोराच्या मनात चांदणं.

स्वतःला मी हंसिणीचं कारण दिलं. चोच झिजते, दर दोन-तीन महिन्यांनी नवी लागते, मी गेले तर कोण करणार? मग मलाच लाज वाटली आणि इंजिनवाल्यांना सगळं शिकवलं. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतः केलेली चोच स्वतः बसवली, माझ्यापेक्षा सरळ. तेव्हा तेही कारण संपलं.

खरं कारण एवढंच आहे की मी इथे सुखी आहे. माणसं मरत होती, तू दार लावून एकटी बसली होतीस, आणि मी ढग रंगवत होते. पण खोटं कसं लिहू? लहानपणी तू म्हणशील ते केलं, सासरी सासूबाई म्हणतील ते, मग यांच्या वेळा, मग कामाच्या वेळा. आता सकाळी उठून मी विचार करते, आज काय करावं? आणि ते ठरवणारी मीच असते. साठीला आले तेव्हा हे मिळालंय.

तुझ्याकडे आले की आठ दिवसांत मी पुन्हा धाकटी होईन. तू ताट वाढशील, केस नीट पूस म्हणशील, कुठे चाललीस विचारशील. प्रेमानेच करशील, म्हणून तर मला नाही म्हणता येणार नाही. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तू अठराची. माझ्या वेण्या घालायला, माझा डबा करायला तू कॉलेज सोडलंस. तुझं लग्न लांबलं तेही माझ्यामुळे. यातलं काही मी विसरलेले नाही. विसरले असते तर हे पत्र जूनमध्येच लिहिलं असतं.

थंडी संपली की भेटायला येईन, महिनाभर राहीन. मात्र परतीचं तिकीट काढून येईन.

समोरच्या दवाखान्यातली नर्स तुझ्याकडे जागा विचारून गेली होती आणि तू तिला "खोली माझ्या बहिणीची आहे" म्हणून परत पाठवलंस. तिला बोलाव. खोली तिला दे, ताई. तुला रात्रीबेरात्री हाक मारायला कुणीतरी हवं, आणि ती मी असणार नाही.

रविवारी फोन करीन. उचलला नाहीस तर त्याच्या पुढच्या रविवारी करीन. उचललास तर आधी मनसोक्त रागाव, मी मध्ये बोलणार नाही. मला रागावणारं आता या जगात तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तुझीच, पण इथे राहणारी,
तुझी बहीण