पाइपावरची एकेचाळीस कौलं

अहो,

मी आबांना घेऊन शहाद्याला डोळ्याच्या ऑपरेशनला निघाले. तुम्ही घरी पोचल्यावर तासाभरात खडीची ट्रॉली येईल. ती परसात शिरू देऊ नका, पुढच्या दारीच रिकामी करून घ्या. मागे तुम्ही टाकलेला पाण्याचा पाइप जेमतेम वीतभर खाली आहे, भरल्या ट्रॉलीखाली टिकायचा नाही.

काल तुम्ही खांडबाऱ्याला गेल्यावर पपईसाठी खड्डा घेत होते, तर कुदळ खणकन वाजली. पाहते तर पाइपावर नळीचं कौल पालथं. माती सारली तर दुसरं, तिसरं. टाकीपासून न्हाणीपर्यंत एकेचाळीस भरली, एकाचं टोक दुसऱ्यावर, खाली चाळलेली रेती. मी कुदळ टाकून तिथंच बसले. घरावरून उतरवून ठेवलेली हीच कौलं गेली म्हणून तुम्ही भंगारवाल्याला चोर ठरवलंत. तीन वर्षं वरून म्हैस जाते तरी पाइपाला चीर नाही, याचं कौतुक मात्र तुम्ही पाइपाचंच करता.

आबांना विचारलं, तर म्हणाले, "पाइप त्याना शे, पन पानी ते आपलं सर्वासनं शे." पाइप टाकताना त्यांनी "खोल पुर" म्हटल्यावर तुम्ही स्वतःच्या बापाला अडाणी म्हणालात, तेव्हापासूनचा तुमचा अबोला. त्या वाकल्या पाठीनं एवढं कधी केलं, घरात कुणाला पत्ता नाही.

पट्टी उद्या दहाला सोडतील, तेव्हा समोर उभे राहा. कौलांचं काही बोलू नका, त्यांना आवडायचं नाही. येताना न्हाणीतल्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणा.

रंजिता