यशश्रीचं वेगळं तिकीट

अल् खुवैर, मस्कत
गुरुवार

कुंदा,

तू लग्नाच्या तयारीसाठी कुडाळात, आणि मी इथे माझ्या ऑफिसात लेकीच्या हनिमूनची तिकिटं काढतोय. फोन करत नाही, कारण काहीतरी बिनसलंय हे तू माझ्या आवाजावरून ओळखशील.

काल साई यशश्रीला घेऊन आला. जावई खाण्यापिण्यातला दर्दी. जॉर्जियात वाइनची तळघरं, इटलीत स्वयंपाकाचा क्लास, पोर्तुगालात मासळी आणि परत वाइन. "काका, एक पण वायनरी मिस नाय करायची," म्हणाला. यशश्री हसून मान हलवत होती. तो गाडी काढायला गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "बाबा, कॅन्सल करायचं तर किती दिवस आधी सांगावं लागतं?"

बावीस वर्षं तिकिटं विकतोय. जायची हौस असलेलं गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी हे विचारत नाही. तिला वाइन नकोय, प्रवास नकोय, की साईच नकोय? विचारायचा धीर झाला नाही. पत्रिका वाटून झाल्यात.

म्हणून आज तिचं तिकीट साईपासून वेगळं काढलं, केव्हाही रद्द करता येईल असं. साईला म्हटलं, सिस्टिमचा प्रॉब्लेम. तिला म्हटलं, "हे फक्त तुझं. रद्द केलंस तरी मी कारण विचारणार नाही."

तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "बाबा, तिकडे थंडी असेल ना? माझा स्वेटर जुना झालाय."

यातून मी काय समजू, कुंदा? हे तुला पाठवलं तर तू पहिल्या विमानानं येशील, म्हणून खणातच ठेवतो. संध्याकाळी तिला घेऊन स्वेटर बघायला जातोय. तिकीट मात्र रद्द करता येईल असंच राहू दिलंय.

तुझा,
रमण