आमच्या घराची हरकत

सोमवार, ६ फेब्रुवारी

आणि वर म्हणते, तुझं मत मी विचारलंच नव्हतं! मग फोन कशाला केला? नुसतं कळवायला? बरं झालं कळवलंत. उपकार झाले.

चर्चच्या मंडळीची सेविका म्हणून ताईनं इतकी वर्षं काम केलं, कोण नाही म्हणालं? आजाऱ्यांकडे जाते, बायकांची प्रार्थना घेते, पोरांना गीतं शिकवते. करावं की. पण आता उपासना चालवणाऱ्या म्हाताऱ्या पाळकांना दिसेनासं झालं, ते घरी बसले, तर कमिटीनं हिलाच विचारलं — तुम्ही पाळक व्हाल का? आणि ही हो म्हणून मोकळी! झगा घालून पुढं उभी राहणार. बाप्तिस्मा देणार. प्रभुभोजनाची भाकर मोडणार. आमची ताई. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी.

मी म्हटलं, आणि लग्नाचं काय? तर म्हणे, कुणाच्या, माझ्या की तुझ्या?

बोलण्यात तिला कोण हरवणार. मी सहावीत शाळा सोडली, तिनं पुस्तकं खाल्ली. शेवटी मीच फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. काचेला चीर गेली. ते नुकसानही माझंच.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

मामाचा फोन. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मंडळीचा खजिनदार, आणि साऱ्या जगाला न मागता सल्ला देणारा. पण आज गोड वाटला. माझ्या बाजूनं बोलणारा दुसरा आहे कोण!

म्हणाला, पाळकीण म्हणजे पाळकाची बायको, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाईच पाळक झाली तर तिच्या नवऱ्याला लोकांनी काय म्हणायचं? शिवाय त्यानं माझ्यासाठी एक मुलगी पाहिलीय. तिच्या घरचे आत्तापासूनच कुरकुरताहेत, की नवरदेवाचं लग्न काय त्याची बहीणच लावणार का.

मग मुद्द्यावर आला. आमच्या मंडळीत जुनी रीत आहे. कुणाला पाळकाची दीक्षा द्यायची झाली, तर आधी त्याच्या घरचा कर्ता माणूस भर उपासनेत उभा राहून सांगतो — आमच्या घराची हरकत नाही. ते झाल्याशिवाय दीक्षा नाही. बाबा गेले. उरलो मी. आणि मी इथं, समुद्रापलीकडे. मामा म्हणाला, तू नुसतं फोनमध्ये रेकॉर्ड करून पाठव, रविवारी मी स्पीकरवर लावतो. दीक्षा देणारे अध्यक्षसाहेब स्वतः ऐकायला येणार आहेत.

फोन कारखान्यात चोरून नेला आणि ड्रायरच्या मागं जाऊन बोललो. "बाई पाळक होणं आमच्या घराण्याला शोभत नाही. आमच्या घराची हरकत आहे." पाठवून दिलं. छाती अशी फुगली होती की जेवण गेलं नाही.

बुधवार, ८ फेब्रुवारी

सुट्टी. टायरच्या दुकानावरच्या खोलीत आमची उपासना. सगळे पुरुषच — आमच्या धुलाईच्या कारखान्यात बायका घेतच नाहीत. इस्पितळांच्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, गरम रोलरमधून काढायच्या, घड्या घालायच्या. घरी मी कधी रुमाल पिळला नव्हता. आई म्हणते, देवाला विनोद कळतो.

आज उपदेश वकिलाचा. वकील म्हणजे माझ्या खोलीतला, ड्रायरवरचा. भिंतीशीही वाद घालतो म्हणून हे नाव. विषय — पुरुष हा घराचं मस्तक आहे. मी मोठ्यानं आमेन म्हटलं.

उपासना संपल्यावर मस्तकांना चहा मिळाला नाही. प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्यानं ठेवलाय. गीताची चाल दोघांनी दोन धरली. आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडाला चहाचा डाग! केव्हाचा आहे कोण जाणे. दिवसभर चादरीच धुणारी माणसं आम्ही, आणि प्रभुभोजनाचं कापड घेऊन जावं हे एकालाही सुचलं नाही.

हसू आलं. मग आलं नाही.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

आमच्यातल्या इस्त्रीवाल्याची, म्हणजे कारखान्यात इस्त्रीवर असतो त्याची, आई वारली. सकाळी कामावरच कळलं. सुट्टीचा कागद हलेपर्यंत तिची माती होऊन जाणार, त्यामुळे जाण्यात अर्थ नाही. खोलीत येऊन खालच्या पलंगावर बसला तो बसलाच. पायात बूट तसेच.

दुपारी आम्ही सगळे गेलो. दारात चपलांचा ढीग. एकानं विमानाच्या तिकिटांचे भाव सांगितले. एकानं देवाची इच्छा म्हटलं आणि घड्याळ पाहिलं. वकिलानं तर सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. इस्त्रीवाला भिंतीकडे बघत होता.

मला काय झालं माहीत नाही. मी सगळ्यांना बाहेर जा म्हटलं. गेले! मग मी खाली बसून त्याचे बूट काढले. फरशीवरच बसून राहिलो. गप्प. ताई असंच करते. लहानपणी तिच्याबरोबर मी कितीतरी घरी गेलोय, ज्यांचं कुणी गेलं त्यांच्याकडे. मला फार कंटाळा यायचा. ती खुर्ची कधी घेत नाही. आधी बोलत नाही. आणि मग एकदम एखादी बारीकशी गोष्ट विचारते.

मी विचारलं, "आई तुला हाक काय मारायची?"

त्यानं भिंतीवरची नजर काढली. मग म्हणाला, "बटाटा."

हा एवढा सहा फुटी माणूस! मला हसू आवरेना, त्यालाही आवरेना, आणि हसता हसता तो रडायला लागला. मग संध्याकाळपर्यंत आईबद्दलच बोलत होता. शेवटी म्हणाला, प्रार्थना कर. मला कुठली येते! मोठे शब्द आठवेनात. म्हटलं — देवा, याची आई तुझ्याकडे आलीय. तिचा जीव याच्यात अडकला असेल. तिला सांग, तो जेवला.

मग ते खरं व्हायला त्याला जेवावं लागलं. दोन घास. पण जेवला.

बाहेर आलो तर वकील तिथंच उभा. "हे कुठं शिकलास रे?"

म्हटलं, घरी. आणि ते रेकॉर्डिंग आठवलं. परवा रविवार.

शनिवार, ११ फेब्रुवारी

मामा फोन उचलत नाही. लिहून पाठवलं — ते लावू नको, मी रागात बोललो. त्यानं वाचलंय. उत्तर नाही.

ताईला फोन करायला हात धजत नाही. काय सांगू? मी तुझा पाय ओढलाय, पडण्याआधी कळवतो?

रविवार, १२ फेब्रुवारी

फोन लॉकरमध्ये. नियमच आहे. तिकडं उपासना सुरू झाली असेल. रोलरमध्ये दोन चादरी वाकड्या गेल्या, सुपरवायझरनं माझे सगळे पूर्वज काढले. काढू दे.

नंतर —

आईचा फोन येऊन गेला. लगेच लिहितोय.

मामानं खरंच लावलं! माईकला फोन टेकवून. सगळ्या मंडळीनं मला ऐकलं, मागं ड्रायरची घरघर. आई म्हणाली, जात्यात बसून बोलल्यासारखा वाटत होतास. अध्यक्षसाहेबांनी विचारलं, हरकत घेणारा उभा कुठं आहे? मामा म्हणाला, तो परदेशात असतो, घरचा कर्ता तोच, त्याच्या वतीनं मी उभा राहतो.

तेव्हा आई उठली. माझी आई! उपासनेत गीतापुरतं तोंड उघडणारी. बायकांच्या बाजूनं, तिसऱ्या बाकावरून.

तिनं काय म्हटलं ते मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. "ह्यांच्या मागं हे घर मी चालवलं. कर्ता उभा हवा ना? ही मी उभी आहे. आमच्या घराची हरकत नाही."

मामा दबक्या आवाजात म्हणाला, अक्का, तू खाली बस.

"बसते. आधी लिहून घे."

अध्यक्षसाहेबांनी लिहून घ्यायला लावलं. मामाच्याच हातानं.

आणि मग मला म्हणाली, तुझ्याशी मी निवांत बोलणार आहे. तो निवांतपणा मला माहीत आहे. आता घाबरायला हवं. पण इतकं हलकं वाटतंय! भर सभेत तोंडावर आपटलो, आणि कुणीतरी पाठीवरचं पोतं उतरवून घ्यावं तसं झालंय. वकील विचारतो, हसतोस का? म्हटलं, हरलो.

सोमवार, १३ फेब्रुवारी

ताईचा फोन. मी माफीची वाक्यं पाठ करून ठेवली होती. एकही म्हणू दिलं नाही.

"आवाज बसलाय तुझा. त्या वाफेत पाणी पितोस की नाही?"

चारचौघांत भावानं नाक कापलं, आणि हिनं त्यात काय ऐकलं, तर घसा! कसंबसं चुकलं म्हटलं. ती म्हणाली, हरकत घेतलीस त्याचं काही नाही. पण शब्द मामाचे होते. पुढच्या वेळी भांडायचं तर स्वतःचे शब्द आण, मग मजा येईल.

मग मी तिला इस्त्रीवाल्याचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मध्ये एकदाच बोलली.

"बूट तू काढलेस?"

हो म्हटलं.

"मग झालं."

एवढंच. पण दिवसभर ते दोन शब्द खिशात घेऊन फिरतोय.

बुधवार, १५ फेब्रुवारी

टेबलावरचं कापड मी धुतलं. डाग गेला, भोक पडलं. फुलदाणी त्यावर ठेवली.

इस्त्रीवाल्यानं उपासनेत विचारलं, याच्या ताईला फोनवरून दोन शब्द बोलायला सांगायचं का? सगळे वकिलाकडे बघायला लागले. वकील म्हणाला, तत्त्वतः माझा विरोध आहे. मग उठून चहा ठेवायला गेला. चहाचा पाक झाला होता, पण सगळ्यांना मिळाला. पुढच्या बुधवारी ताई बोलणार.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

मुलीकडच्यांचं ‘नाही’ आलं. मामानं मोठ्या आनंदानं पुढं धाडलं. वाईट वाटण्याची वाट बघतोय. अजून वाटलं नाही.

रविवार, २६ फेब्रुवारी

आज दीक्षा झाली.

सुपरवायझरला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं स्वतःच माझा फोन रोलरशेजारच्या खांबाला चिकटपट्टीनं लावला. म्हणाला, आवाज बंद, आणि चादर वाकडी गेली तर फोन रोलरमध्ये. इस्त्रीवाला काम सोडून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला कुणी काही बोललं नाही.

फोनच्या काचेच्या चिरेमधून ताई दिसली. झगा म्हाताऱ्या पाळकांचा. आईनं खालून आखूड केलाय, पण बाह्या तशाच लांब. गुडघे टेकले तिनं. सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवले. म्हाताऱ्या पाळकांना दिसत नाही, त्यांचा हात हवेत चाचपडत आधी आईच्याच डोक्यावर पडला. आई तशीच उभी राहिली. काही क्षण त्यांनीही तो उचलला नाही. मग आईनंच तो धरून ताईच्या डोक्यावर नेऊन ठेवला.

मग ताईनं बाह्या मागं सारल्या आणि भाकर मोडली. शब्द ऐकू आले नाहीत. नुसते हात. चपाती लाटणारे, माझ्या पाठीत धपाटे घालणारे, तेच हात. त्यात विचित्र असं काही शोधत होतो. सापडलं नाही. उलट आजवर दुसऱ्या कुणी मोडली तेच विचित्र वाटलं.

चादरी येत राहिल्या. एकही वाकडी गेली नाही.

बुधवार, १ मार्च

मामाचा फोन. गोड आवाज — तेव्हाच ओळखलं. कमिटीनं ताईचा पगार ठरवलाय. आधीच्या पाळकांच्या निम्मा. का? तर तिला कुठं संसार आहे, आणि कमावता भाऊ दर महिन्याला घरी पाठवतोच की. म्हणजे तिचा निम्मा पगार माझ्या नावावर कापला! मी साधेपणानं विचारलं, आणि भाऊ पाठवत नसता तर? मामा हसला. म्हणाला, तर पूर्ण द्यावा लागला असता, पाळकाला उपाशी ठेवून लोकांत तोंड कसं दाखवणार.

आईला फोन करून माझा बेत सांगितला. तिनं ताईला विचारलं. मागून ताईचं हसू ऐकू आलं. आई म्हणाली, धान्याचे डबे भरलेले आहेत, होऊ दे.

मग मामाला लेखी कळवलं, कमिटीपुढं वाचायला. यावेळी शब्द माझे. या महिन्यापासून मी घरी पाठवत असलेली रक्कम — शून्य.