सरळ कापलेलं प्लास्टर

५ फेब्रुवारी १९७९

अप्रेंटिसची लेखी पास. तोंडी पास. मेडिकलला डॉक्टरनं शर्टाआधी चपला काढायला लावल्या, भिंतीला उभं केलं. "डावा पाय आखूड आहे. मशीनवर आठ तास उभं राहणं जमणार नाही." म्हटलं, जमतं, आत्ता उभाच आहे ना! "आवाज चढवू नका." चढवला. वॉचमननं गेटबाहेर आणून सोडलं. लंगडायचं नाही असं ठरवून स्टॉपपर्यंत ताठ चाललो. त्यानं जास्तच लंगडलो.

कॉलेज सोडलं तेव्हा अण्णा आठ दिवस बोलले नव्हते. आज बोलले. "म्हणजे आता सगळी मदार केसवर."

७ फेब्रु.

अण्णांबरोबर वकिलांकडे, शिवाजीनगर. विमा कंपनीचा जबाब आला. मोटारवाल्यानं हात न दाखवता गाडी वळवली, बंपर सायकलवरच्या माझ्या नडगीवर बसला, दोन्ही हाडं मोडली, सगळं मान्य! (वॉर्डात तेव्हा आम्ही सहा जण मोटारीचेच. कुणाची वाटी, कुणाची मांडी, कुणाचा घोटा. डॉक्टर म्हणायचा, बंपरची उंची आणि नडगीची उंची एकच, करणार काय.) पण पाय वाकडा झाला तो म्हणे मोटारीमुळे नाही. बारा आठवड्यांचं प्लास्टर सहाव्या आठवड्यात काढलं म्हणून. पुरावा: दवाखान्याचा केसपेपर. "हाडवैद्याने काढले."

वकील खूश. "अरे, हे आपल्या पथ्यावर आहे. वैद्यानं फसवलं म्हणायचं. म्हाताऱ्यालाही साक्षीला बोलावू. तो गडबडला की तुझ्यावरचा दोष गेला."

अण्णा मान हलवत होते. 

वहीला तरी काय घाबरायचं. प्लास्टर हाडवैद्य गेनूबाबांनी काढलेलं नाही. मी काढलं.

८ फेब्रु., गुरुवार

रघ्याची सुट्टी. भोसरीला वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. शाळेपासूनचा एकुलता एक दोस्त, आणि प्लास्टरचा दुसरा आरोपी.

कालपासून तेच डोळ्यांपुढे येतंय. दीड वर्षापूर्वीचा कॉलनीचा गणपती. ल. गाणार होती. अपघाताच्या आदल्या दिवशी शिवून आलेली माझी बेलबॉटम खुंटीला. खाली घेर केवढा, पण मांडीला घट्ट, आणि प्लास्टर मांडीपर्यंत. दीड महिना लुंगीवर काढला होता. ल. समोर लुंगी? शक्यच नाही. रघ्यानं कंपनीतून हॅक्सॉचं ब्लेड आणलं. "ओलं करून कापू, भावा. जॉब बघ कसा सरळ येतो." आला. शिवणीसारखा सरळ. शेवटी ब्लेड नडगीला लागलं, तेवढा एक ओरखडा.

चौथ्या रांगेत बसलो. गाणं संपल्यावर ती जवळून गेली. "पाय बरा झाला वाटतं." चार शब्द. आज वाटतं, एक शब्द कमी बोलली असती तरी चाललं असतं. (खोटं. नसतं चाललं.)

तिसऱ्या दिवशी नडगी धनुष्यासारखी. रघ्यानं टेंपोतून चऱ्होलीला नेलं, गेनूबाबांकडे. पहिलवानांची हाडं बसवणारा म्हातारा. दोन बोटं फिरवली नि हात काढून घेतला. "ह्ये माझं काम न्हाई आता. दवाखान्यात ने. प्लास्टर कुनी काढलं रं?" मी सांगितलं. त्यांना एकट्यालाच खरं सांगितलं.

घरी अण्णांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, बाबांनी काढलं. अण्णांनी डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरनं लिहिलं. तो आता कोर्टाचा कागद.

रघ्या म्हणाला, "सांग की खरं. माझं नाव घे."
"ब्लेड कंपनीचं होतं, राव. नोकरी जाईल तुझी."
"मग ब्लेडचं नाव नको घेऊ. म्हण, दातानं काढलं."
स्वतःच हसला. मी त्याला हाकललं.

१८ फेब्रु.

अण्णा एकटेच चऱ्होलीला जाऊन आले. मला सांगितलंही नाही. ओट्यावर चार माणसं बसलेली, त्यांच्यादेखत बाबांना म्हणाले, पोराचं वाटोळं केलंत. दोघं जण उठून गेले. हे अण्णा विजयानं सांगत होते.
"आणि बाबा काय म्हणाले?" मी विचारलं.
"निर्लज्ज! म्हणतो, आता चालतंय का पोरगं?"

जेवण गेलं नाही. ताट सारलं तर आई म्हणाली, राग अन्नावर नको काढूस. मग कशावर काढू?

१ मार्च

पिंपरीच्या स्टॉपवर ल. तिचं ऑफिस सुटतं ती वेळ मला पाठ आहे. दीड वर्षात आज पहिल्यांदा ती आपणहून बोलली.
"तुमचे अण्णा चऱ्होलीच्या बाबांशी भांडले म्हणे?"
"हो, म्हणजे…"
"माझ्या आजीचा खांदा त्यांनीच बसवला. दवाखान्यात न्यायचं असलं तर ते स्वतः सांगतात. तुमच्या वेळी असं कसं झालं हो?"

बस आली. ती चढली. माझीही तीच बस होती. चढलो नाही. मोशीच्या रस्त्याला पाय दुखेपर्यंत चालत राहिलो. जिच्यासाठी पाय घालवला तिला म्हाताऱ्याची बाजू माझ्यापेक्षा जास्त माहीत!

१२ मार्च

कोर्ट. गेनूबाबा आले होते, धुतलेलं धोतर, पटका. व्हरांड्यात माझ्या तोंडाकडे नाही, आधी पायाकडे बघितलं.
"टाच टेकती का?"
"टेकते."
"मग वजन टाक की तिच्यावर. भिऊन चालतूयास."
खाली बसून नडगी चाचपली. अंगठा ब्लेडच्या वणावर थांबला. 

वकील म्हणाले, हा बोलेल तेव्हा बाबा, तुम्ही बाहेर बसायचं, साक्षीदाराला आत बसता येत नाही.
बाबा म्हणाले, "मग दारात बसतो. कान चांगलं हायती माझं." मग मला, हळू: "तुला काय बोलायचं त्ये बोल, लेकरा. पर मला ऐकू येईल असं बोल."

विमावाल्यांचा वकील आला नाही. पुढची तारीख ४ एप्रिल. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. शरम वाटली.

२५ मार्च

वकिलांना विचारलं, समजा खरं काही वेगळंच असलं तर?
"तर मोटारवाल्याला पेढे नेऊन दे." मग चष्मा काढून: "वेगळं म्हणजे काय रे?"
काही नाही म्हटलं.
घरी अण्णांकडे सुरुवात केली. "अण्णा, समजा…"
"समजा-बिमजा कोर्टात चालत नाही. पाठ कर नीट."
पाठ काय करू? एकच तर वाक्य आहे. "प्लास्टर वैद्यांनी काढलं." आरशासमोर म्हणून पाहिलं. दर वेळी टाच उचलली जाते.

३ एप्रिल

शिंप्यानं बेलबॉटमचा डावा पाय बोटभर कमी करून दिला. आईनं इस्त्री केली. उद्या तीच घालणार.

संध्याकाळी खाटेखाली लपवलेलं प्लास्टर बाहेर काढलं. दोन्ही अर्धुकं पेपरात तशीच होती. कड पट्टीनं आखल्यासारखी. आंधळ्यालाही कळेल, हे करवतीचं काम आहे, वैद्याचं नाही. गुडघ्यापाशी शाईपेन्सिलीनं ल. ल. ल., घामानं पसरलेले. ओल्या फडक्यानं पुसायला गेलो तर आणखी पसरले. राहू दे.

पिशवीत घालून दाराशी ठेवलं, उद्या कोर्टात दाखवायला. सातची बस. अण्णा आत्ताच बाहेरून आले, पिशवी पायानं सरकवली, उचलून पाहिली.

"काय आहे रे ह्यात?"

उंबऱ्यात उभे आहेत. लिहिणं होईपर्यंत थांबा म्हटलं.