मास्तरांचा खांदा

४ जून
शेवटी एकदाचं रुग्णांच्या दालनात पाऊल पडलं! इतकी वर्षं फिजिओथेरपी शिकताना प्लॅस्टिकच्या हाडांशी सलगी केली, आता खरी माणसं. हातपाय चेपायला डिग्री कशाला लागते, असं मामा विचारत होता. म्हटलं, तुझी कंबर धरली की सांगेन. पांढरा कोट ढगळच आहे, तरी आरशात बघून घेतला. इथल्या मावशी रुग्णांना आणतात, नेतात, पुसतात, हसवतात. आल्याआल्या त्यांनी माझी कॉलर सरळ केली.

६ जून
पहिला रुग्ण माझ्या एकटीकडे सोपवला. चित्रकलेचे मास्तर. अर्धांगवायूनं उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. समजतं मात्र सगळं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी बजावलं, की लुळा हात ओढून कधीच उठवायचं नाही, खांदा निखळतो. कमरेला पट्टा बांधूनच उठवायचं. मास्तरांची लेक म्हणाली, तुम्ही दिसलात की बाबा हसतात.

११ जून
मॅडम माझं काम तपासायला येणार होत्या. घाई झाली. पट्टा न बांधताच मास्तरांना लुळ्या हाताला धरून ओढलं. खांद्यात कट्‌कन वाजलं. चेहरा पिळवटला, आवाज नाही. हे कुणी केलं, मॅडमनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशींनी ओढला."
मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मावशींनी नुसती मान खाली घातली.

१२ जून
मावशींना कामावरून काढलं. मी पास. आईनं साऱ्या नातेवाइकांना फोन केले.

१५ जून
मास्तर बोलले! लेक रडतहसत मला ओढत घेऊन गेली. ते स्पष्ट म्हणाले, "मावशींनी ओढला."
तिला वाटलं, बाबा खरंच सांगतायत. पण आवाज बाईचा होता. माझा. तसाच घाबरट, शेवटी चिरकणारा. बाकी कुणालाच तो ऐकू येत नाही?

१७ जून
खिडकीजवळच्या आजी. त्यांचीही वाचा गेलेली. हातातला चेंडू दाबता दाबता त्या बोलल्या — तेच. माझ्या आवाजात. मग कोपऱ्यातल्या खाटेवरचा ड्रायव्हर. सगळे माझ्याकडे बघून हसतात —

१८ जून
मावशींच्या घरी गेले. पाय धरणार होते. त्यांनी ये म्हटलं, पाणी दिलं. मी तोंड उघडलं आणि तेवढंच वाक्य आलं. त्यांच्या तोंडावर. पुन्हा. पुन्हा. त्यांनी पेला काढून घेतला, दार लावलं. धरणी पोटात घेईल तर —

१९ जून
मॅडमसमोरही तेच. त्या म्हणाल्या, अगं हो, काढलंय ना त्यांना, तू नको मनाला लावून घेऊस. आईशी फोनवर — तेच. आता बोलतच नाही.

२० जून
हात अजून माझा आहे. हे पान फाडून मॅडमच्या टेबलावर ठेवणार. लवकर लिहायला हवं. बोटं जड —
मॅडम, मास्तरांचा हात मावशींनी